भाडं नंतर विचार, आधी इमारत कोणत्या सालची ते विचार

पत्र : "ताई, आम्ही जर्सी सिटीत नदीकाठच्या एका टॉवरमध्ये राहतो. मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी, एका बेडरूमचं घर. भाडं ३,१५० डॉलर होतं. रिन्यूअलच्या ईमेलमध्ये एकदम ३,६९० आलं आणि खाली एकच ओळ, पटत नसेल तर साठ दिवसांत कळवा. ऑफिसमधली एक मैत्रीण न्यू यॉर्क शहरात, क्वीन्समध्ये 'रेंट स्टॅबिलाइज्ड' घरात राहते, तिचं भाडं वर्षाला साठ-सत्तर डॉलरच वाढतं. असं घर आम्हांला मिळेल का? ओळखीचे एकजण म्हणाले, ती घरं गरिबांसाठी असतात. एका एजंटने क्रेडिट हिस्टरी कमी म्हणून चार महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. नवरा एच-वन-बीवर आहे. उद्या घरमालकाशी वाजलं तर व्हिसावर काही येणार नाही ना? आणि सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांना ठेवून घेता येईल का?" — एक वाचक, जर्सी सिटी

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगंवर येते.

आधी त्या ओळखीच्यांचं म्हणणं डोक्यातून काढून टाक. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि ही गल्लत मी आपल्या लोकांत वर्षानुवर्षं ऐकते आहे. न्यू यॉर्क शहरात 'हाउसिंग कनेक्ट' नावाची सोडत असते. तिच्यातल्या घरांना उत्पन्नाची मर्यादा असते, अर्ज करायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. रेंट स्टॅबिलाइज्ड घर ही वेगळी वस्तू. साध्या स्टॅबिलाइज्ड घराला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. शहरात अशी जवळजवळ दहा लाख घरं आहेत आणि त्यांत शिक्षक, नर्स, टॅक्सीवाले, सॉफ्टवेअरवाले, निवृत्त माणसं सगळे राहतात. उलट तुमचं उत्पन्न पुरेसं आहे का हेच घरमालक बघेल. इथला रिवाज असा की वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट हवा. २,२०० चं घर असेल तर ८८,०००.

पण हे घर शोधायला निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. स्टॅबिलाइज्ड म्हणजे स्वस्त नव्हे. काही घरं स्वस्त निघतात, काही अजिबात नाही. आपण जे शोधतोय तो आहे रिन्यूअलचा हक्क. करार संपला की घरमालकाला तुला नवा करार द्यावाच लागतो, एक वर्षाचा की दोन वर्षांचा हे तू ठरवायचं, आणि वाढ किती ते तो ठरवत नाही. आपण पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर वाढलेली माणसं. अकरावा महिना आला की घरमालकाचा चेहरा वाचायचा, तो म्हणेल ते भाडं मान्य करायचं, नाहीतर टेम्पो बोलवायचा. ही सवय आपण विमानातून सोबत आणतो. स्टॅबिलाइज्ड घरात राहायला लागल्यावर माझी ती सवय सुटायला काही वर्षं गेली. 'रिन्यू करणार ना?' असं मी मालकाच्या माणसाला अजिजीने विचारायची, आणि तो उत्तर द्यायला वेळ लावायचा. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे विचारायचं कारणच नाही. करार संपण्याआधी ९० ते १५० दिवसांच्या आत छापील फॉर्मवर रिन्यूअल पाठवणं हे त्याचं काम आहे, आणि तुला उत्तर द्यायला ६० दिवस आहेत.

वाढ ठरवते ती रेंट गाइडलाइन्स बोर्ड. नऊ सदस्य, महापौरांनी नेमलेले, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मतदान घेतात. १ ऑक्टोबर २०२५ ते ३० सप्टेंबर २०२६ या काळात सुरू होणाऱ्या करारांसाठी त्यांनी एका वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के ठरवले. तुझ्या ३,१५० वर ३ टक्के म्हणजे साडेचौऱ्याण्णव डॉलर. तुला आलेली वाढ ५४० ची आहे. झोहरान ममदानी भाडं गोठवण्याचं आश्वासन देऊन महापौर झाले, आणि निवडून आले तेव्हा ते स्वतः अॅस्टोरियातल्या स्टॅबिलाइज्ड घरात भाड्याने राहत होते. पण आश्वासनावर हिशेब मांडू नकोस, बोर्डाने त्या वर्षी जो आकडा मंजूर केला त्यावर मांड. नदीच्या तुझ्या बाजूला, न्यू जर्सी राज्यात, हा कायदा लागू नाही, जर्सी सिटीचे नियम वेगळे. त्यामुळे घर न्यू यॉर्क शहरातच बघावं लागेल. आणि हिशेबात एक ओळ वाढव : शहरात राहायला आलीस की शहराचा वेगळा आयकर लागतो, तीन ते चार टक्क्यांच्या मधला. भाड्यात वाचलेले पैसे तिकडे किती जातील हे आधीच कागदावर काढून बघ. काही कुटुंबांसाठी हे गणित जुळत नाही, आणि तसं निघालं तर घाईने नदी ओलांडू नकोस.

आता घर ओळखायचं कसं. जाहिरातीत 'रेंट स्टॅबिलाइज्ड' असं क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून घर बघण्याआधी इमारत बघायची. १९७४ च्या आधी बांधलेली आणि सहा किंवा जास्त घरं असलेली इमारत, ही पहिली खूण. सनीसाइड, वुडसाइड, एल्महर्स्ट, रेगो पार्क, क्यू गार्डन्स, अॅस्टोरिया, वर मॅनहॅटनच्या टोकाला वॉशिंग्टन हाइट्स आणि इनवुड, ब्राँक्समध्ये ग्रँड काँकोर्स. या भागांतून चालत गेलीस की सहा मजली विटांच्या इमारती रांगेने दिसतात, पुढे लोखंडी फायर एस्केप, खाली दोन पायऱ्या उतरून सुपरची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाची, खोली. जॅक्सन हाइट्सचा मोह आपल्याला सगळ्यात जास्त, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कोथिंबीर-कढीपत्ता मिळतो म्हणून. तिथे मात्र नीट विचारून घे. तिथल्या बऱ्याच जुन्या, बागेच्या इमारती को-ऑप, म्हणजे रहिवाशांच्याच सोसायटीच्या मालकीच्या, झालेल्या आहेत, आणि को-ऑपमधल्या मालकाने भाड्याने दिलेलं घर सहसा स्टॅबिलाइज्ड नसतं. इमारत कितीही जुनी दिसली तरी.

बोर्डाच्या संकेतस्थळावर बरोप्रमाणे, म्हणजे शहराच्या पाच विभागांप्रमाणे, स्टॅबिलाइज्ड घरं असलेल्या इमारतींच्या याद्या आहेत. राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, ज्याला इथे सगळे डीएचसीआर म्हणतात, पत्ता टाकून इमारत शोधता येते. शहराच्या गृहखात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या, पानावर त्याच पत्त्यावर किती उल्लंघनं नोंदली आहेत ते दिसतं. 'सी' वर्ग म्हणजे ताबडतोब धोकादायक. हिवाळ्यात हीटिंग नसल्याची नोंद एखाद्या इमारतीवर सलग तीन वर्षं असेल तर तिथे नवीन रंग आणि चकचकीत किचन बघून भुलू नकोस.

यादीत इमारत सापडली म्हणजे घर सापडलं असं मात्र नाही, आणि इथेच बहुतेकजण फसतात. त्याच इमारतीत ३ बी स्टॅबिलाइज्ड असेल आणि ३ सी नसेल. कारण २०१९ च्या आधी भाडं एका मर्यादेच्या वर गेलं आणि घर रिकामं झालं की मालकाला ते कायद्यातून बाहेर काढता येत होतं. १४ जून २०१९ ला तो दरवाजा बंद झाला, पण त्याआधी कायदेशीर रीतीने बाहेर पडलेली घरं बाहेरच राहिली. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न, तोंडी नको, ईमेलने विचार : "हे घर रेंट स्टॅबिलाइज्ड आहे का, आणि नोंदवलेलं कायदेशीर भाडं किती?" उत्तर लेखी येऊ दे.

स्टॅबिलाइज्ड घराच्या कराराला एक रायडर, म्हणजे पुरवणी, जोडावाच लागतो. आधीच्या भाडेकरूचं भाडं किती होतं आणि तुझं भाडं कसं ठरलं हे त्यात लिहिलेलं असतं. रायडर नाही म्हणाले, तर थांब. आणि राहायला गेलीस की पहिल्याच आठवड्यात डीएचसीआरकडे तुझ्या घराचा भाड्याचा इतिहास माग. फुकट मिळतो, टपालाने तुझ्याच पत्त्यावर येतो. साधा छापील कागद असतो, वर्ष, घराचा दर्जा, कायदेशीर भाडं, अशा रांगा. १९८४ पासूनच्या नोंदी असतात. तो कागद टेबलावर ठेवून पेन्सिलने प्रत्येक वर्षाची वाढ काढ. दर वर्षी दोन-तीन टक्क्यांनी चाललेलं भाडं एका वर्षी अचानक दीडपट झालेलं दिसलं, किंवा मधली तीन-चार वर्षं मालकाने नोंदच केलेली नाही असं दिसलं, तर ती जागा गोल कर आणि भाडेकरूंच्या एखाद्या मोफत सल्ला केंद्रात दाखव. जादा भाडं घेतल्याचं सिद्ध झालं तर सहा वर्षांपर्यंतचा हिशेब मागता येतो, आणि मालकाने ते जाणूनबुजून केलेलं असेल तर तिप्पट भरपाई मिळते.

माझ्या स्वतःच्या अज्ञानाची किंमत मी मोजलेली आहे, म्हणून हे इतकं सविस्तर सांगते. आमच्या करारात दोन आकडे होते. कायदेशीर भाडं २,०४०, आणि त्याखाली 'प्रेफरेन्शिअल', म्हणजे सवलतीचं, १,४२५. आम्ही १,४२५ भरत होतो आणि वरच्या आकड्याकडे कधी बघितलंच नाही, वाटलं काहीतरी सरकारी नोंद असेल. २०१६ मध्ये रिन्यूअलचा लिफाफा आला. मी पोळ्या लाटत होते, नवऱ्याने तो उघडला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, सतराशे. त्या वर्षी बोर्डाने एका वर्षाच्या कराराला शून्य टक्के वाढ ठरवली होती, रेडिओवर त्याची बातमी आम्ही दोघांनी ऐकली होती. आणि आमचं भाडं पावणेतीनशेने वाढलं होतं. तेव्हाच्या कायद्याने ते चालत होतं. मालक सवलत देत होता, ती त्याने काढून घेतली, आणि वरच्या आकड्यापर्यंत जायला त्याला मोकळीक होती. आम्ही तिथेच राहिलो, नवऱ्याने शनिवारचं काम धरलं. २०१९ च्या कायद्याने हे थांबवलं. आता सवलतीचं भाडं हाच पाया, पुढची वाढ त्याच्यावरच. तरीही करारात दोन आकडे दिसले तर दोन्ही वाचून घे आणि कुठला धरून रिन्यूअल होणार ते लेखी माग.

दोन आकड्यांची ही खबरदारी नव्या टॉवरमध्येही लागते. लाँग आयलंड सिटीतल्या काही काचेच्या इमारती करसवलत घेतल्यामुळे स्टॅबिलाइज्ड आहेत. चारशे एकवीस-ए असा शब्द ऐकशील. तिथलं पहिलं भाडंच बाजारभावाचं असतं, आणि करसवलतीची मुदत संपली की घर कायद्यातून बाहेर जाऊ शकतं. मुदत कोणत्या वर्षी संपते ते करारातच बघ. जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा एक महिना फुकट धरून काढलेली वर्षाची सरासरी असते. महिन्याला खात्यातून जाणारा आकडा वेगळा, आणि पुढच्या वर्षीची वाढ कशावर धरणार हे सही करण्याआधी विचारायचं.

चार महिन्यांचं आगाऊ भाडं मागणाऱ्या एजंटला नकार दे. न्यू यॉर्कमध्ये डिपॉझिट किंवा आगाऊ म्हणून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, क्रेडिट हिस्टरी असो वा नसो. परदेशातून आलेल्या माणसांकडे मात्र ते सर्रास मागतात, कारण आपण देतो. अर्जाच्या तपासणीसाठी वीस डॉलरच्या वर घेता येत नाही. ब्रोकरचं म्हणशील तर, ११ जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर नेमला त्यानेच त्याला पैसे द्यायचे. मालकाने जाहिरात द्यायला नेमलेल्या ब्रोकरला तू काही देणं लागत नाहीस. आणि पागडीसारखं काही, 'चावीचे पैसे' म्हणून रोख, कुणी मागितलं तर ते सरळसरळ बेकायदेशीर आहे. मुंबईत पागडीला जशी वर्षानुवर्षांची वहिवाट आहे तशी इथे नाही, इथे ती देणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही.

याच्याच जवळची एक गोष्ट, आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेहमी येणारी. कुणीतरी दोन वर्षांसाठी भारतात जातंय, त्यांचं स्टॅबिलाइज्ड घर आहे, 'तुम्ही राहा, दर महिन्याला आम्हांला पैसे पाठवा, मालकाला सांगू नका.' माणूस चांगला असतो, हेतूही चांगला असतो. पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय दिलेल्या घरात तुझा कुठलाच हक्क उभा राहत नाही, आणि त्या कुटुंबाचंही घर जाऊ शकतं. रीतसर सबलेट करता येतं, मालकाला पत्र देऊन, चार वर्षांत दोन वर्षांपर्यंत. ते करायला त्यांची तयारी असेल तरच बोलणं पुढे ने. हीच गोष्ट उद्या तुझ्या घरालाही लागू आहे. स्टॅबिलाइज्ड घर हे तुझं मुख्य राहतं घर असावं लागतं, आणि वर्षातले १८३ दिवस शहरात नसलीस तर मालकाला बोट दाखवायला जागा मिळते. महिना-दोन महिने कोल्हापूरला जाऊन आलीस तर काही बिघडत नाही.

सासूबाईंचं उत्तर सोपं आहे. खुशाल राहू देत. जवळच्या कुटुंबातल्या माणसांना सोबत राहू द्यायचा हक्क न्यू यॉर्कच्या कायद्याने भाडेकरूला आहे, करारात काहीही छापलेलं असलं तरी. एवढंच कर की करारावर तुझं आणि नवऱ्याचं, दोघांचंही नाव असू दे. एकाच्या नावावर घर घेऊन दुसऱ्याला नुसता 'राहणारा' म्हणून लिहायची पद्धत आपल्याकडे फार आहे आणि ती पुढे बायकांनाच भोवते. सासूबाई थंडीत येत असतील तर हेही लक्षात ठेव : १ ऑक्टोबर ते ३१ मे, दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ असायला हवं, आणि रात्री बाहेर काहीही असलं तरी ६२. थर्मामीटर खिडकीपासून लांब ठेव, वेळेसकट फोटो काढ, आणि ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन कर. सुपरला आधी सांग, तो माणूस बहुतेक वेळा तुझ्याच बाजूचा असतो.

व्हिसाची भीती मला कळते, मीही त्या भीतीत दहा वर्षं काढली. डीएचसीआरकडे तक्रार करताना तुझा व्हिसा कुणी विचारत नाही. शहराच्या मानवी हक्क कायद्यात इमिग्रेशन स्टेटसवरून घर नाकारणं किंवा त्यावरून धमकावणं, दोन्ही बेकायदेशीर आहे. भाड्याच्या तक्रारीचा आणि एच-वन-बीचा कागद दोन वेगळ्या दुनियांत असतो. आणि तीस दिवस राहिलेल्या माणसाला कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणी घराबाहेर काढू शकत नाही. मालकाने कुलूप बदललं तर पोलिसांना बोलवायचं, घाबरून सामान बांधायचं नाही.

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या शहराच्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी फक्त १.४१ टक्के घरं रिकामी होती, १९६८ नंतरची सगळ्यात कमी. चांगलं घर सकाळी दिसतं आणि संध्याकाळी जातं. म्हणून पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, दोन-तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, दोघांचे पासपोर्ट, सगळं एका पीडीएफमध्ये तयार ठेव. शनिवारी दुपारी ठरवलेल्या भागात चाल. इमारतीच्या दाराशी व्यवस्थापन कंपनीचा फोन नंबर असलेली पाटी असते, तिचा फोटो घे, सोमवारी सकाळी फोन कर. महिन्याच्या शेवटी फुटपाथवर जुनी गादी आणि खोकी दिसली तर सुपरला विचार, कोण गेलं. आमचं घर मला असंच मिळालं, पाटीवरच्या नंबरवरून, कुठल्याही जाहिरातीशिवाय.

आणि स्टॅबिलाइज्ड नाहीच मिळालं, तर जुन्या, मोठ्या मालकाच्या इमारतीतलं साधं घर बघ. एप्रिल २०२४ पासून 'गुड कॉज इव्हिक्शन'चा कायदा आहे. तो लागू असलेल्या घरात महागाई अधिक ५ टक्के, किंवा १० टक्के, यांतलं जे कमी असेल त्याच्यावरची वाढ अवाजवी मानली जाते आणि मालकाला ती कोर्टात पटवून द्यावी लागते. एकूण दहा किंवा त्याहून कमी घरं असलेला छोटा मालक, २००९ नंतरच्या इमारती, को-ऑप आणि काँडो (प्रत्येक फ्लॅटचा वेगळा मालक असलेल्या इमारती) हे त्यातून वगळलेले आहेत. करारासोबत या कायद्याची नोटीस जोडावी लागते, घर कायद्यात बसतं की नाही ते तिच्यावर लिहिलेलं असतं. स्टॅबिलाइज्डइतकं बळ त्यात नाही, पण ५४० ची उडी तिथे इतक्या सहजासहजी मारता येणार नाही.

मुलगी चार वर्षांची आहे म्हणून शेवटचं. १९६० च्या आधीच्या इमारतीत शिशाचा रंग असू शकतो. सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर मालकाने दरवर्षी तपासणी करायची असते, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी खिडक्यांना गार्ड बसवायचे असतात. करारासोबत याचे दोन छोटे फॉर्म येतात, लोक ते न वाचता सही करून टाकतात. त्यात मूल आहे असं स्पष्ट लिही. घर बघायला जाशील तेव्हा खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून बघ, रंगाचे पापुद्रे निघतात का. आणि हातात करार आला की त्याचा रायडर मला पाठव. सही त्यानंतर.